एका खोलीतला संसार : मुंबईच्या चाळीतली चूल आणि मांडणी

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की इतिहासाच्या व्याख्यानमालेत स्वयंपाक आणि घरसजावट कशाला? आपण इतिहास म्हटलं की लढाया, तह, चळवळी, फार तर संप इथपर्यंत येतो. पण ज्या माणसांनी संप केले, ती सकाळी काय खाऊन गेटवर गेली, रात्री कुठे पाठ टेकली, हा प्रश्नही इतिहासाचाच आहे. तोच आज घ्यायचा आहे.

लहान घर कसं लावावं, कमी जागेत स्वयंपाक कसा उरकावा याचे सल्ले आज भरपूर मिळतात. घडीचं टेबल घ्या, भिंतीचा उपयोग करा, पलंगाखाली खण करा, एकाच भांड्यात तीन पदार्थ शिजवा. हे सगळं नवीन म्हणून सांगितलं जातं. मुंबईच्या गिरणगावात मात्र शंभर वर्षांपूर्वीपासून लाखो बायका हेच करत होत्या, आणि त्यांना कोणी सल्ला दिलेला नव्हता. आज मला मुख्यतः एक गोष्ट मांडायची आहे. एका खोलीच्या घरात स्वयंपाक आणि घराची मांडणी ही दोन वेगळी कामं नव्हती, ते एकच कौशल्य होतं. आणि त्याचा पाया होता वेळेचा हिशोब. जागा वाढवता येत नव्हती, म्हणून त्या बायकांनी दिवसाचे तुकडे पाडले.

आधी ही खोली आली कुठून ते पाहू.

मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केली आणि १८५६ मध्ये ती सुरू झाली. पुढच्या चाळीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी हा पट्टा चिमण्यांनी भरून गेला. कामगार आले ते कोकणातून, साताऱ्याकडून, देशावरून. आधी पुरुष एकटेच आले, बायकामुलं गावीच राहिली. त्यांना राहायला मालकांनी आणि जमीनदारांनी चाळी बांधल्या. लांब व्हरांडा, त्याला लागून एकसारख्या खोल्या, टोकाला सामायिक संडास. एका खोलीचं भाडं एका माणसाला परवडायचं नाही, म्हणून एका गावचे दहा-पंधरा जण मिळून खोली घ्यायचे. त्याला ‘गावाची खोली’ म्हणत. पहिल्या पाळीचा माणूस कामावर गेला की त्याच्या जागेवर रात्रपाळीचा येऊन झोपायचा.

१८९६ साली प्लेगची साथ आली आणि सरकारचं लक्ष या वस्त्यांकडे गेलं. १८९८ मध्ये ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. ज्यांना आपण बीआयटी चाळी म्हणतो, त्या या ट्रस्टच्या. त्यानंतर पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला घरटंचाई टोकाला गेली, तेव्हा गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० साली ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ उभं राहिलं. त्या खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. प्रत्येक इमारतीत तळमजला धरून चार मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे एका चाळीत ऐंशी बिऱ्हाडं. खोलीचं क्षेत्रफळ साधारण १६० चौरस फूट.

हे आकडे आपल्याला इतके नेमके ठाऊक आहेत, कारण ते सरकारी कागदांत आहेत. किती सिमेंट लागलं, किती भाडं आलं, किती खोल्या रिकाम्या राहिल्या, सगळं नोंदलेलं आहे. पण त्या १६० चौरस फुटांत चूल कुठे मांडायची, धूर कुठून जाणार, पाच माणसं जेवायला कशी बसणार, याचा विचार त्या नकाशात फारसा दिसत नाही. स्वयंपाकघर म्हणून वेगळी जागाच नव्हती. ती जागा बाईने रोज तयार करायची आणि रोज मोडायची.

ती कशी, याचं एक उदाहरण आपल्याला एका चरित्रात सापडतं. १९०४ च्या सुमारास सुभेदार रामजी सकपाळ आपलं कुटुंब घेऊन मुंबईत आले आणि लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहिले. त्या खोलीत चूल, जळाऊ लाकूड, भांडी, माणसं सगळं एकत्र. मुलगा भीमराव शिकत होता. अभ्यासाला ना जागा ना शांतता. तेव्हा वडिलांनी तोड काढली. मुलाने संध्याकाळी लवकर झोपायचं, वडिलांनी रात्री दोनपर्यंत जागायचं, मग मुलाला उठवायचं आणि स्वतः आडवं व्हायचं. जात्याजवळच्या त्या जागेवर आधी मुलगा झोपायचा, नंतर वडील. धनंजय कीरांनी बाबासाहेबांच्या चरित्रात हा प्रसंग दिला आहे. आपण तो जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण घराच्या इतिहासाचा पुरावा म्हणूनही तो वाचून पाहा. एकाच जमिनीचा स्वयंपाकघर, शेजघर आणि अभ्यासिका असा पाळीपाळीने उपयोग. पुढे १९१२ पासून हे कुटुंब परळच्या बीआयटी चाळीत राहिलं, तेव्हा समोरासमोरच्या दोन खोल्या मिळाल्या. एक संसाराला, एक अभ्यासाला. दुसरी खोली मिळणं ही केवढी मोठी गोष्ट होती, ते पहिल्या खोलीचं वेळापत्रक पाहिल्यावर कळतं.

हीच पद्धत घरोघर होती. पहाटे वळकट्या गुंडाळून पोटमाळ्यावर किंवा ट्रंकांच्या चवडीवर गेल्या की जमीन मोकळी. मग चूल किंवा शेगडी पेटायची. पहिल्या पाळीचा माणूस डबा घेऊन बाहेर पडला की चूल आवरायची, जमीन पुसायची. दुपारी तीच जमीन निवडणं-टिपणं, शिवण, मुलांचा अभ्यास यांच्यासाठी. संध्याकाळी पुन्हा चूल, मग पंगत, मग अंथरुणं. पुरुष आणि मोठी मुलं उन्हाळ्यात गॅलरीत किंवा गच्चीवर झोपायची. म्हणजे घराची एक ‘खोली’ तर चाळीच्या सामायिक जागेतच असायची.

आता स्वयंपाकाकडे येऊ. इथे मुख्य अडचण सरपणाची. लाकूड आणि कोळसा विकत घ्यायचा, ठेवायला जागा नाही, आणि धूर सगळ्या खोलीत. म्हणून एका विस्तवात जास्तीत जास्त काम हा पहिला नियम. चुलीला बाजूला एक वैल असतो, तिथे मुख्य जाळाची उरलेली धग येते. चुलीवर भात, वैलावर आमटी. कोळशाच्या शेगडीला वैल नसतो, तेव्हा क्रम लावावा लागतो. कडक आच असताना भाकऱ्या, म्हणजे तव्यावर एक आणि निखाऱ्यासमोर उभी करून फुगायला दुसरी. आच उतरली की आमटी. शेवटच्या निखाऱ्यावर वांगं, पापड, सुका बोंबील भाजायचा. त्यानंतर राहिलेल्या ऊबेवर दूध. आणि राख भांडी घासायला.

दुसरी युक्ती तुमच्यापैकी अनेकांनी घरी पाहिली असेल. भाजी शिजवताना पातेल्यावर खोलगट ताट ठेवायचं आणि त्या ताटात पाणी घालायचं. हे का करतात? ताटातलं पाणी थंड असतं, त्यामुळे आतली वाफ ताटाच्या खालच्या बाजूला लागून पुन्हा पाणी होऊन भाजीत पडते. भाजी स्वतःच्या वाफेवर शिजते, करपत नाही. तोवर वरचं पाणी गरम झालेलं असतं. भाजीत रस हवा असेल तर तेच घालायचं, म्हणजे शिजणं थांबत नाही. एका विस्तवात दोन कामं. कडधान्यं रात्रभर भिजवून मोड आणणं हे चवीसाठी आणि पोटासाठी चांगलंच, पण भिजलेलं कडधान्य लवकर शिजतं, म्हणजे कोळसा वाचतो, हेही त्यात होतं. भात पूर्ण शिजायच्या आधीच उतरवून घट्ट झाकून वाफेवर मुरू देणं, ही त्याचीच पुढची पायरी.

गावाहून काय यायचं तेही या हिशोबात बसतं. कुळथाचं पीठ, आमसुलं, सुकी मासळी, तिखट, वर्षभराचा मसाला. कमी जागेत मावणारं, टिकणारं आणि झटपट शिजणारं. कुळथाची पिठी दहा मिनिटांत होते. रात्रपाळीहून आलेल्या माणसासाठी पुन्हा विस्तव पेटवायचा तर तो थोडाच वेळ पेटवावा लागावा, ही त्यामागची सोय.

नंतर रॉकेलचे स्टोव्ह आले. स्वीडनमध्ये १८९२ साली तयार झालेल्या ‘प्रायमस’वरून पंपाचा स्टोव्ह जगभर पसरला. मुंबईत तो आला आणि त्यामागोमाग वातीचा स्टोव्हही. धूर कमी झाला, सरपणाची रास गेली, पण रॉकेल रेशनवर. मुंबईत १९४३ साली धान्याचं रेशनिंग सुरू झालं आणि रेशनच्या रांगेत उभं राहणं हा स्वयंपाकाचाच एक भाग होऊन बसला. पंपाच्या स्टोव्हचा भडका ही तर घराघरातली भीती होती, कारण खोलीत मागे सरकायला जागा नव्हती.

पुढचे दोन बदल मोठे. १९५५ साली बर्मा-शेल कंपनीने मुंबईत सिलिंडरचा गॅस आणला, आणि १९५९ च्या सुमारास प्रेशर कुकर भारतात तयार व्हायला लागले. चाळीत ते पोचायला आणखी बरीच वर्षं गेली. पण कुकरच्या एकावर एक डब्यांत वरण, भात आणि बटाटे एकाच वेळी शिजू लागले, तेव्हा चुलीपुढचा तो सगळा क्रम एका भांड्यात गेला.

गॅसने आणखी एक बदल केला, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. चूल आणि शेगडी जमिनीवर असते. बाई पाटावर बसून स्वयंपाक करते, तिच्याभोवती भांडी मांडलेली असतात, म्हणजे खोलीचा चांगला तिसरा हिस्सा त्यात जातो. गॅसची शेगडी ओट्यावर गेली आणि बाई उभी राहिली. ओट्याखाली सिलिंडर, पाण्याचं पिंप, पिठाचे डबे गेले. जमीन मोकळी झाली. मग त्या मोकळ्या जागेत लोखंडी पलंग, पुढे टीव्ही आला. आपण पलंग आणि टीव्ही घराची प्रगती म्हणून मोजतो. त्यांना जागा ओट्याने करून दिली होती.

इथे थोडं मुंबईबाहेर जाऊन तुलना करू. वरळीच्या चाळी बांधल्या जात होत्या त्याच दशकात, १९२६ साली, जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात कामगारांसाठी घरं उभी राहत होती. तिथे मार्गारेट शुटं-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईंनी लहान घरासाठी स्वयंपाकघर आखलं. रेल्वेच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर त्यांच्यासमोर होतं. एका कामासाठी किती पावलं चालावी लागतात, किती वेळ जातो, हे मोजून त्यांनी ओटा, मोरी, खण यांच्या जागा ठरवल्या. पीठ, तांदूळ, साखर यांच्यासाठी ॲल्युमिनियमचे खण होते. मापं साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटर, म्हणजे सत्तर चौरस फुटांच्या आसपास. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं झाली. ‘फ्रँकफर्ट किचन’ म्हणून आज ते जगभरच्या संग्रहालयांत आहे. त्यात दोषही होते. एकच बाई आत मावायची, मूल सांभाळत काम करणं अवघड, अशी टीका पुढे झालीच. पण मुद्दा असा की तिथे सरकारने एका बाईला मोजमाप करायला बसवलं. इथे ते मोजमाप प्रत्येक घरच्या बाईने मनातल्या मनात केलं. कुठल्या नकाशावर ते आलं नाही.

आता भिंती. जमीन दिवसभर वापरात, म्हणून सामान वर चढलं. दारावर पोटमाळा, भिंतीला चारी बाजूंनी फळी, खुंट्या, कपड्यांची वलणी. भांड्यांसाठी मांडणी. ही मांडणी म्हणजे घराचा दर्शनी भाग. आधी पितळेची, मग स्टीलची भांडी आकाराप्रमाणे लावलेली, दारातून आत पाहणाऱ्याला पहिली तीच दिसायची. प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेलं. त्यात मिरवणं होतं आणि सोयही होती, कारण लग्नकार्याला शेजाऱ्यांची भांडी आपल्याकडे, आपली त्यांच्याकडे. ट्रंका एकावर एक रचून त्यावर भरतकामाची चादर टाकली की बैठक तयार. क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणं, हे सगळं हातचं आणि जमिनीवर जागा न खाणारं.

चित्रंही त्यामुळेच भिंतीवर आली. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि देवदेवतांची रंगीत चित्रं सामान्य घरात पोचू लागली. लक्ष्मी-सरस्वतीची एक तसबीर आली की भिंतीच्या त्या भागाचं देवघर होत असे. पुढे कॅलेंडर आली. १९७३ पासून जयंतराव साळगावकरांचं ‘कालनिर्णय’ आलं, आणि त्याच्या पानामागे पाककृती असायच्या. पंचांग, दुधाचा हिशोब आणि पाककृती एकाच खिळ्याला. त्याच्या थोडं आधी, १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं होतं. त्यात मापं वाटी आणि चमच्याची, म्हणून ते घराघरात चाललं. तराजू ठेवायला जागा कुठे होती?

सणाच्या दिवशी ही मांडणी पणाला लागायची. घरी गणपती बसणार म्हणजे सगळं सामान गॅलरीत किंवा शेजाऱ्याकडे. मखरासाठी एक कोपरा मोकळा झाला की उरलेल्या जागेत झोपणं-जेवणं. आणि ज्यांच्या खोलीत ते शक्य नव्हतं, त्यांना चाळीचा गणपती होता. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सुरू झालेल्या सार्वजनिक उत्सवाचं राजकारण आपण शिकतो. सामायिक अंगणाची ही बाजूही त्यात धरायला हवी.

या कौशल्याला पैशाचंही मोल होतं. एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका याच खोल्यांत पंधरा-वीस जणांचा स्वयंपाक करायच्या. वाणसामान उधारीवर, व्याज भारी. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभं केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. त्याआधी १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, तो ‘लिज्जत’. पीठ केंद्रात मळायचं आणि पापड घरी लाटून आणायचे, ही तिची व्यवस्था लहान घराला धरूनच आहे. पोळपाट-लाटण्याला लागते तेवढी जागा प्रत्येकीकडे होती.

१९७२ साली महागाईविरोधात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या साथीदारांनी बायकांना रस्त्यावर आणलं, तेव्हा हातात लाटणं आणि थाळी होती. धान्य, तेल, साखर, रॉकेल या मागण्या त्या खोलीतल्या रोजच्या हिशोबातून आलेल्या. आणि १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, तेव्हा कितीतरी घरं बायकांच्या पोळी-भाजीवर, डब्यांवर आणि शिवणावर तगली.

मंडळी, हे सांगताना एक सावधपणा हवा. ‘काय दिवस होते, किती माया होती’ असं म्हणणं सोपं आहे. त्या खोलीत धूर होता, आजार होता, संडासाच्या रांगा होत्या. नवविवाहितांना एकांत नव्हता. सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते खाणारी बाईच होती, आणि शेवटी अंथरुणाला पाठ टेकणारीही तीच. ही हुशारी नाइलाजातून आली. तिचं कौतुक करताना त्या नाइलाजाला माफी मिळता कामा नये.

आज बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचं घर मिळतं आहे, वरळीत २०२५ साली पहिल्या काही कुटुंबांना चाव्याही मिळाल्या. हे व्हायलाच हवं होतं, फार उशिरा झालं. पण खोल्या पडतील तशी ती मांडणी, पोटमाळे, ओट्याखालची रचनाही जाईल. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या लोकांच्या आठवणी नोंदवून ठेवल्या, म्हणून संपाचा, चळवळीचा, शाहिरांचा आवाज आपल्याकडे राहिला. चुलीच्या क्रमाची आणि अंथरुणाच्या जागांची तशी नोंद अजून थोडीच आहे.

म्हणून जाता जाता एक काम सांगतो. तुमच्या घरात, शेजारात चाळीत संसार केलेली आजी, आत्या, मावशी असेल, तर तिला एक कागद द्या आणि खोली काढून दाखवायला सांगा. चूल कुठे, मोरी कुठे, रात्री कोण कुठे झोपायचं. सकाळी पहिलं भांडं कोणतं चढायचं आणि शेवटचं कोणतं. गणपतीत काय बाहेर जायचं. पाहुणा आला तर कोण उठायचं. तिने सांगितलेलं तारखेसह लिहून ठेवा आणि कागदावर तिचं नावही घाला. सरकारी नकाशात ती खोली एक रिकामा चौकोन आहे. तो भरायला लागणारी माहिती आज तरी माणसांकडे आहे.

आता प्रश्न घेऊ.